या रविवारी कुठलं?

शनिवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान हे मराठीतलं सर्वांत आनंदी पान. बाकीच्या पानांवर पूल कोसळत असतात, डाळी महागत असतात, युत्या तुटत असतात. या पानावर मात्र सगळं हाऊसफुल्ल असतं. तिथे एकही नाटक 'बरं' नसतं. विनोदी असेल तर ते पोट धरधरून हसवतं, गंभीर असेल तर अंतर्मुख करतं, आणि आपण नेमकं काय काढलंय हे निर्मात्यालाच उमगलं नसेल तर ते 'सहकुटुंब पाहावं' असं असतं. काल शुभारंभ झालेलं नाटक आज 'उदंड प्रतिसादात' सुरू असतं. ज्या लोकांच्या आग्रहास्तव जादा प्रयोग लागतो ते लोक मला अजून भेटायचे आहेत. ते बहुधा निर्मात्याच्याच इमारतीत राहत असावेत.

यातला माझा सर्वांत आवडता प्रकार म्हणजे 'शेवटचे मोजके प्रयोग'. मराठी नाटक पहिल्या प्रयोगांवर जेवढं जगत नाही तेवढं शेवटच्या प्रयोगांवर जगतं. शेवटचे पाच प्रयोग लागतात, ते भरले की आणखी शेवटचे दहा लागतात, मग 'निरोपाचा प्रयोग' होतो, नटमंडळी डोळे पुसतात, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि दोन वर्षांनी तेच नाटक 'नव्या संचात' दार वाजवतं. तसंच परीक्षणांचं. समीक्षकाने लिहिलेलं असतं, 'पहिल्या अंकात उत्कंठा वाढत जाते, पण ती कशासाठी वाढवली होती हे दुसऱ्या अंकात कुणालाच आठवत नाही.' जाहिरातीत येतं, 'उत्कंठा वाढत जाते.' समीक्षकाचं नाव मात्र पूर्ण छापतात.

ही खोड आजची नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा जाहिरातीची गरज पडली नाही, कारण चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता आणि प्रेक्षक बोलावलेले होते. दहा वर्षांनी भावे मुंबईला आले, ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले, आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. राजाने बोलावलं की माणसं गुपचूप येतात. पैसे द्यायचे म्हटलं की त्यांना पटवावं लागतं.

आमच्या नात्यागोत्यात 'याला नाटकातलं कळतं' असा माझ्याविषयी समज आहे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी फोन सुरू होतात. 'या रविवारी कुठलं बघू?' विचारणाऱ्याला माझं मत हवं असतं असं वाटत असेल तर तुम्ही कधी कुणाला नाटक सुचवलेलं नाही. त्याला जबाबदार माणूस हवा असतो. सिनेमा पडला तर हिरोला शिव्या घालता येतात, हॉटेल फसलं तर आचाऱ्याला. नाटक आवडलं नाही तर सगळं खापर सुचवणाऱ्यावर फुटतं, कारण लेखक-दिग्दर्शक सोमवारी सकाळी फोन उचलत नाहीत आणि मी उचलतो. एका भाच्याने तर एका शोकांतिकेनंतर माझ्याकडे रिक्षाचं भाडंही मागितलं होतं.

बरं, मनापासून सुचवावं, तर पुढचे प्रश्न नाटकाविषयी नसतात. 'आहे कुठे?' हा पहिला. 'किती वाजता?' हा दुसरा. 'गाडी लावायला जागा आहे का?' हा तिसरा, आणि तोच निर्णायक. नाटककार कोण, हे आजवर एकाच गृहस्थांनी विचारलं. ते दूरचे नातेवाईक निघाले, नाटककाराचे.

खरी गोष्ट अशी की आपला प्रेक्षक नाटक निवडत नाही, थिएटर निवडतो. ठाणेकराचं गडकरी रंगायतन, मुलुंडकराचं कालिदास, पार्लेकराचं दीनानाथ, बोरिवलीकराचं प्रबोधनकार ठाकरे, डोंबिवलीकराचं सावित्रीबाई फुले. दादरला शिवाजी मंदिरात एखादं अलौकिक नाटक लागलंय असं ठाणेकराला सांगून बघा. तो शांतपणे म्हणेल, 'आपल्याकडे येईल तेव्हा बघू.' आणि त्याचं बरोबरच असतं, कारण ते येतंच.

लंडनला 'द माउसट्रॅप' हे नाटक, करोनातला खंड सोडला, तर १९७४ पासून सेंट मार्टिन्स या एकाच थिएटरात चालू आहे. तिथे प्रेक्षक नाटकाकडे जातो. आपल्याकडे नाटक टेम्पोत बसून प्रेक्षकाकडे येतं. शनिवारी रात्री ठाणे, रविवारी दुपारी दादर, रात्री वाशी, पुढच्या आठवड्यात पुणे, मग नाशिक. थिएटरं बहुतेक महापालिकांची किंवा ट्रस्टची, त्यांच्या तारखांचं वाटप आधीच होऊन गेलेलं, त्यात नेत्यांच्या वाढदिवसाने आणि शाळांच्या गॅदरिंगने तारखा खाल्लेल्या. उरलेल्या फटीतून नाटक वाट काढतं. त्यामुळे 'या रविवारी हे बघा' असं जेव्हा मी सांगतो तेव्हा मी खरं म्हणजे एका टेम्पोचा ठावठिकाणा सांगत असतो. चार वाजताचा प्रयोग साडेसहाला संपतो, कलाकार सातला बसमध्ये, आणि पहिल्या अंकात ज्या भिंतीला टेकून नायिका रडली ती भिंत तेवढ्यात घडी होऊन टेम्पोत आडवी पडलेली असते.

मराठी रंगभूमीवर दिवाणखाना एवढा का, यावर विद्वानांनी बरंच लिहिलं आहे. मध्यमवर्गीय जाणिवा वगैरे. माझं मत विचाराल तर कारण टेम्पो. सोफा, मागे दार, उजवीकडे स्वयंपाकघराची चौकट, डावीकडे कुठेही न जाणारा जिना, एवढंच त्यात मावतं. युद्धभूमी मावत नाही. समुद्र मावत नाही. त्यामुळे मराठी माणसावर जी काही संकटं कोसळायची ती सोफ्यावर कोसळतात. अपवाद करणारी माणसंही होती. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं ते फिरता रंगमंच घेऊन, आणि प्रभाकर पणशीकर त्यावर पाच वेगवेगळे इसम होऊन गावोगाव फिरले. त्यातला लखोबा लोखंडे कोर्टात कबूल होत नव्हता हे ठीक, पण ते चक्र प्रत्येक गावी उतरवून, जोडून, फिरवून, पुन्हा चढवणारे रंगमंच कामगार काय म्हणत असतील ते छापण्यासारखं नसावं.

वेळेचं दुखणं वेगळं. मुंबईत रविवारी दुपारी चार ही सोन्याची वेळ. जेवण जिरलेलं असतं, डुलकी झालेली असते, आणि घरी परतून आमटी-भात करता येतो. पुण्यात बालगंधर्वला दिवसाचे तीन खेळ: साडेबारा, साडेपाच, साडेनऊ. यातला साडेबाराचा खेळ हा जगातल्या कुठल्याच नाट्यपरंपरेत बसत नाही. अकराला जेवून निघालेली माणसं वातानुकूलित अंधारात मऊ खुर्चीत बसतात, आणि दीडच्या सुमारास रंगमंचावर घटस्फोटाची भाषा सुरू असताना जे आवाज ऐकू येतात ते ध्वनिसंयोजकाने दिलेले नसतात. तिथे मी थरारनाट्य सुचवतो. निदान पिस्तुलाचा बार तरी असतो.

तिकिटाचंही सांगतो, कारण चौथा प्रश्न तो असतो. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं पाचशेच्या अलीकडे सगळी निर्मातेमंडळी दाटीवाटीने उभी असतात. मॉलमध्ये सिनेमाच्या पॉपकॉर्नला तेवढे मोजणारा माणूस नाटकाच्या खिडकीवर मात्र 'चारशेत कुठली रांग?' असं विचारतो, तीनशेची बाल्कनी घेतो आणि तिसरी घंटा झाल्यावर अंधारात वाकून खाली येतो. शिवाय पास हा स्वतंत्र विषय आहे. मराठी माणूस बँकेत ओळख काढत नाही, पोलिसांत काढत नाही, पण नाटकाचा पास मिळवण्यासाठी तो प्रकाशयोजनाकाराच्या शाळेतल्या बाकापर्यंत पोचतो. आणि पास मिळालेलं नाटक त्याला कधीही आवडत नाही.

असो. एवढं होऊनही कुणी चिकाटीने विचारलंच, तर माझी काही ठरलेली उत्तरं आहेत.

मंडळी हसायला निघाली असतील तर प्रश्नच नाही. नावात 'लग्न', 'बायको', 'नवरा' किंवा 'गोष्ट' यांपैकी काहीही असलेलं डोळे मिटून घ्यावं. प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदमध्ये आपला साडेबारा हजारावा प्रयोग केला, आणि नाटक होतं 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. म्हणजे चारांपैकी दोन शब्द. साडेबारा हजार हा आकडा मला झेपत नाही. एवढ्या वेळा तर आपण स्वतःच्या घराचं दारही नीट उघडलेलं नसतं. या नाटकांना येणारा निम्मा प्रेक्षक ते आधी पाहिलेला असतो आणि विनोद यायच्या अर्धा सेकंद आधी हसतो, म्हणजे शेजारच्या नवख्याला कळावं की आता येतोय. 'वस्त्रहरण'च्या पाच हजारांवर प्रयोगांत मालवणी न कळणारी किती माणसं पोट धरून हसली असतील याची मोजदाद नाही. गंगाराम गवाणकरांनी गावच्या नाटकमंडळींची जी फजिती लिहिली ती कळायला शब्दकोश लागत नाही, एखादा गणेशोत्सव पाहिलेला असला की पुरे.

'काहीतरी वेगळं' हवं असणारे तरुण असतात. त्यांना मी प्रायोगिककडे पाठवतो. पूर्वी दादरचं छबिलदास होतं, शाळेच्या हॉलमध्ये. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे. इथे नेपथ्य म्हणजे एक ठोकळा. हाच ठोकळा पहिल्या प्रवेशात पलंग, दुसऱ्यात सिंहासन आणि तिसऱ्यात आई असतो. प्रेक्षकांत निम्मे नटांचे मित्र, उरलेले आपलं नाटक पुढच्या आठवड्यात आहे म्हणून आलेले. प्रयोग तासाभराचा, नंतरची चर्चा दीड तासाची, आणि चर्चेत एक गृहस्थ नेहमी 'मला प्रश्न नाही, एक निरीक्षण मांडायचंय' म्हणून उठतात. टिंगल करतोय खरी, पण गेल्या पन्नास वर्षांतलं मला आठवणारं बरंचसं चांगलं अशाच अडचणीच्या जागांतून आलेलं आहे, आणि पहिल्या प्रयोगाला मोजकी डोकी होती असं नंतर सांगणारे हजारोंनी भेटतात. ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर 'पुरुषोत्तम करंडक' बघायला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जरूर जावं. महाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. एकांकिकेआधी 'अरे आवाज कुणाचा' असा जो हलकल्लोळ होतो त्याच्यापुढे पुष्कळदा एकांकिकेलाच आवाज फुटत नाही.

संगीत नाटक ज्येष्ठांसाठी. किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून ही नाटकं रात्र रात्र चालायची, एकेका पदाला 'वन्स मोअर' घेत पहाट व्हायची. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, त्याबद्दल आजही पुण्यात लोक असं बोलतात की जणू गेल्या शनिवारी पाहून आलेत. आता सगळं अडीच तासांत बसवतात. अडचण रंगमंचावर नसते, शेजारच्या खुर्चीत असते. शेजारचे आजोबा प्रत्येक पद गायकाच्या आधी एक मात्रा सुरू करतात आणि गायकाने वेगळी जागा घेतली की मान हलवून गायकाची चूक दाखवतात.

आता मुख्य मुद्दा. फोनवर काही जण सगळं विचारून झालं की आवाज खाली आणतात आणि म्हणतात, 'तसं... नाचगाण्याचं काही आहे का?' मला कळतं. परदेशात ज्याला कॅबरे म्हणतात, रात्री खाता-पिता बघायचं गाणं-नाच-थट्टा, त्याची तहान आपल्याकडे लावणीने केव्हाच भागवली आहे, कितीतरी जास्त बुद्धीने. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरात, सोलापूर रस्त्यावर चौफुल्याच्या कलाकेंद्रांत संगीतबारी चालते. तिथे बैठकीत बसून अदा करत म्हटलेली लावणी ज्याने ऐकली आहे त्याला कळतं की खरं नाचतात ते डोळे. एक ओळ दहा प्रकारांनी म्हणायची, दहाही वेळा अर्थ वेगळा, आणि समोरच्या शेटजीला प्रत्येक वेळी वाटतं की हा अर्थ आपल्यालाच कळला. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी 'संगीत बारी' हा कार्यक्रम थिएटरांत आणला, त्यात शकुंतलाबाई नगरकरांना बघितलं की एरवी भुवई उडवणारे आपण सगळे किती हौशी आहोत याची खात्री पटते.

लावणीच्या पुरुष प्रेक्षकाचे दोन प्रकार. एक उघड येतो, पहिल्या रांगेत बसतो, फेटा उडवतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. दुसरा 'लोककलेच्या अभ्यासासाठी' येतो, मफलर गुंडाळून शेवटच्या रांगेत बसतो, शिट्टी वाजली की कपाळाला आठी घालतो आणि मध्यंतरात ओळखीचं कुणी दिसलं की प्रसाधनगृहात अभ्यास करतो. घरी मात्र सांगतो, व्याख्यान लांबलं.

याला उतारा म्हणून निघाला 'फक्त महिलांसाठी' लावणीचा खेळ. महिला दिनाच्या आसपास तर असतोच, एरवीही लागतो. कल्पना ज्याची त्याला लोटांगण. बायका साडेतीनलाच येतात, सरळ बसतात, पदर नीट करतात. पहिली लावणी टाळ्यांत जाते, दुसरी मान डोलावण्यात. तिसरीला कुणीतरी अंबाड्याचा गजरा सोडून हातात घेतं. पुढचं मला ऐकूनच माहीत आहे.

कुणाला नाटक आणि नाच एकाच तिकिटात हवा असेल तर रविवारच्या नादी न लागता वडशाला जावं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे देसाईगंज, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. इथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने लागलेल्या असतात आणि बोर्ड वाचत चालताना वाटतं, या गावात दुसरा धंदाच नाही. दिवाळीनंतर सुगीच्या दिवसांत मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, घरोघर पाहुणे उतरतात, उपवर मुलं-मुली बघून घेतली जातात, आणि रात्री नाटक. ते सुरू होतं जेवणं आटोपल्यावर आणि संपतं कोंबड्याच्या सोबतीने. मध्ये बाप मेला, शेत गेलं, सून छळली गेली की लगेच एक झणझणीत नाच येतो, मग डोळे पुसून कथा पुढे. शहरी समीक्षकाला हे विसंगत वाटतं. रात्रभर जागायचं असेल तर माणसाला नुसतं रडून कसं भागेल, हे त्याला कळत नाही, कारण तो अकराची लोकल धरून घरी जातो. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या कित्येकांनी नकाशा उघडला.

कोकणात दशावतारही असाच रात्रीचा धनी. जत्रेत पालखी फिरून आली की सुरू. संहिता लिहिलेली नाही. कथा पुराणातली, संवाद तिथल्या तिथे. म्हणजे द्रौपदीला आदल्या रात्री सुचलेलं उत्तर आज सुचेलच असं नाही, पण आज कदाचित त्याहून झणझणीत सुचेल. गोव्यात तियात्र. तो जन्मला मात्र मुंबईत, १८९२ साली, लुकाझिन्हो रिबेरोंच्या 'इटालियन भुरगो'ने. त्यात नाटकाच्या दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां येतात, नाटकाशी काडीचा संबंध नसलेली गाणी, आणि त्यांत मंत्र्यांची अशी धुलाई होते की मंत्री पुढच्या रांगेत बसलेले असले तर त्यांनाही हसावं लागतं. आमच्याकडे हे जमणार नाही. आमच्याकडे पुढच्या रांगेतले सत्काराला येतात आणि नांदी व्हायच्या आत जातात.

मध्यंतराबद्दल दोन शब्द लिहितो, कारण पुष्कळांसाठी नाटक म्हणजे मध्यंतराच्या दोन्ही बाजूंना येणारा मजकूर. बटाटेवड्यासाठी नाटक बघणारी माणसं मी पाहिली आहेत. दादरला शिवाजी मंदिरात नाटक ठरलं की 'वडा मिळेल' हे वाक्य पहिल्या पाचात येतं. पंधरा मिनिटांत नऊशे माणसांनी वडा, चहा आणि प्रसाधनगृह उरकायचं, आणि बायकांच्या रांगेकडे पाहिलं की कळतं, ही वास्तू बांधणाऱ्या समितीत एकही बाई नव्हती. दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं म्हणून कुणीच नीट पाहिलेली नसतात. जाणते लेखक त्यात महत्त्वाचं काही घालत नाहीत. नोकर येऊन फोन उचलतो, एवढंच. आणि नेमका तेव्हाच प्रेक्षागृहातला खरा फोन वाजतो. आधी घोषणा झालेली असते, कलाकारांनी हात जोडलेले असतात. ज्याचा वाजतो तो स्वतःचा नाहीच अशा चेहऱ्याने आजूबाजूला बघतो. मग उचलतो, आणि कुजबुजत सांगतो, 'नाटकात आहे.' पलीकडून बहुधा 'कुठल्या?' असं विचारलं जातं, कारण तो नावही सांगतो.

परवाच्या रविवारचं आमच्या सासुरवाडीचं सांगतो आणि थांबतो. माणसं सात. आतेसासूबाईंना गुडघ्यामुळे बाल्कनी नको. सासूबाईंना शेवट गोड हवा, मधे कितीही छळलं तरी चालेल. मेहुणीला जवळचं हवं. भाचीला 'काहीतरी वेगळं'. बायकोचं म्हणणं, काहीही चालेल, म्हणजे मी जे सुचवेन ते सोडून. मी आळीपाळीने चार नाटकं सुचवली. एक लांब पडलं, एक रडकं ठरलं, एकातला नट सासूबाईंना मालिकेत खलनायक म्हणून माहीत होता आणि त्याचं तोंड बघायची त्यांची तयारी नव्हती. चौथ्याला गाडी लावायला जागा नव्हती. शेवटी मेहुण्याने कारभार हातात घेतला. तो व्यवहारी माणूस. त्याने थिएटर पाहिलं, तळघरातलं पार्किंग पाहिलं, दुपारी चारची वेळ पाहिली, खालच्या मजल्यावरच्या सात सलग खुर्च्या पाहिल्या, आणि दोन मिनिटांत पैसे भरून मोकळा झाला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. कुणीही नाटकाचं नाव विचारलं नाही.

दारावर डोअरकीपरने पाच जणींना आत सोडलं आणि आम्हा दोघांपुढे हात आडवा धरला. वर बॅनर होता, ढोलकी काढलेली, नऊवारीतली पाठमोरी आकृती, आणि मेहुण्याच्या हातातल्या तिकिटावरही तेच, जरा बारीक अक्षरांत: फक्त महिलांसाठी. आम्ही सासूबाईंकडे पाहिलं. त्या परत फिरतील अशी मेहुण्याची समजूत होती. त्यांनी पर्स त्याच्याकडे दिली आणि आतेसासूबाईंचा हात धरून, गुडघ्याबद्दल चकार शब्द न काढता, पायऱ्या चढून गेल्या.

आम्ही उपाहारगृहात बसून वडे खाल्ले. गरम होते. पार्किंगबद्दल मेहुणा जे म्हणाला होता तेही शंभर टक्के खरं निघालं. आत ढोलकी कडाडत होती, आणि पाऊण तासाने अशी एक शिट्टी आली की वड्याच्या मागचा पोऱ्यासुद्धा वळून बघायला लागला. ती आतेसासूबाईंची होती, असं भाचीने गाडीत सांगितलं. तिच्या मागोमाग आलेली दुसरी, जास्त लांब आणि जास्त सुरातली, कुणाची होती यावर मात्र सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि घरी पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, 'शेवट गोड होता हो.'